शेऱ्याचा रकाना

२० ऑक्टोबर २०११, गुरुवार

आज संत वेंडलिनचा दिवस. मला एकोणपन्नास वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडे मूल ज्या संताच्या दिवशी जन्मतं त्याचंच नाव त्याला मिळतं. आई म्हणायची, तुझं नाव ठरवायला मला एक मिनिटही लागलं नाही. ती होती तोवर या दिवशी घरात माणसं असायची. नामदिनाला कोणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो. म्हणून चर्चच्या विक्रीतून क्रीमचा कूखन केक आणून ठेवला होता आणि आई करायची तसे त्याचे आठ तुकडे केले होते. कोणी आलं नाही. एक तुकडा मी खाल्ला. सात झाकून ठेवले आहेत.

फोन मात्र आला. हेल्मरच्या रुग्णालयातून, तिथली व्यवस्थापक मार्वा ट्वेटेन. चारही रुग्णालयांच्या मंडळांनी सह्या केल्या: आमचं मारियनफेल्ड, तिचं हेल्मर, लोन ट्री आणि डोव्हर बट. एकट्याने संगणक सांभाळणं आता कोणालाच झेपत नाही. नव्या वर्षापासून चौघांत मिळून एक सर्व्हर, रुग्णांची एकच नोंदवही, मदतीचा एकच फोन नंबर, आणि तो फोन उचलायला एकच माणूस. तो माणूस मी. मी इथे बॉयलर सांभाळायला लागलो होतो. संगणक आले तेव्हा ते कोणीतरी बघायला हवे होते, आणि बॉयलरला उन्हाळ्यात काम नसतं. तेव्हापासून हे असं चाललंय.

"आता तू चार गावांचा झालास, वेंडलिन," मार्वा म्हणाली.

"फादरसारखा," मी म्हणालो. फादर एमान्युएलही चार गावांत मिळून एकच आहेत.

"फादरना रविवारी कोणी प्रिंटरसाठी उठवत नाही. तुमच्यात तेवढं बरं आहे." मार्वा लुथरन आहे. अशा गोष्टी ती मोकळेपणाने बोलते.

देवा, जे काम दिलंस ते नीट करायची बुद्धी दे.

२ नोव्हेंबर, बुधवार

मृतात्म्यांचा दिवस. सकाळी आईच्या थडग्यावर जाऊन आलो. नंतर नोंदींच्या खोलीत सर्व्हरसाठी मापं घेतली. सर्व्हर तिथेच बसणार, म्हणून कार्डांचं कपाट जाणार. कपाटाबरोबर ओटिलिया केसलही. त्या खोलीत तिची सेहेचाळीस वर्षं गेली. ती नात्यातली नाही, पण गावात तिला सगळे मावशीच म्हणतात.

"इथे काय बसणार म्हणालास?"

"सर्व्हर, मावशी."

"बसून काय करणार तो?"

"चारही गावांच्या नोंदी सांभाळणार."

"मग इतकी वर्षं मी उभ्याने काय करत होते?"

मी माप लिहून घेतलं. तिने विचारलं, तो माणूस ओळखणार कशावरून. मी सांगितलं, नाव आणि जन्मतारीख.

ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "इथे? एकोणीस मार्च अडतीस, योसेफ वाल्ड, अशी हाक मार बघू. दोन म्हातारे वळून बघतील. संत योसेफच्या दिवशी वाल्डांच्या दोन घरांत दोन पोरं झाली, दुसरं नाव ठेवायची कोणाची हिंमत होती का? एक विहिरीतला, एक कोंबडीचोर."

विहिरीतला योसेफ सहा वर्षांचा असताना विहिरीत पडला होता. कोंबडीचोराने काहीच चोरलेलं नाही. त्याच्या आजोबांनी रशियात असताना पाद्र्याची कोंबडी उचलली होती. आमची माणसं रशिया सोडून इकडे आली तेव्हा ती कोंबडीही नावाबरोबर आगबोटीतून आली.

मावशीने पूर्वी ही नावं कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिली होती. संगणक आल्यावर तिने ती शेऱ्याच्या रकान्यात घातली. मला हे माहीत नव्हतं. तो रकाना मी कधी उघडला नव्हता.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

यादी काढली. शेरा असलेल्या चारशे बारा ओळी. दुपारभर वाचत होतो. थुंक्या. फेंगडी आग्नेस. दोनदा बाप्तिस्मा. चिखलातली नवरी. माणसं दवाखान्यात दुखणी घेऊन येतात आणि त्यांच्या नावापुढे आपण हे लिहून ठेवतो.

वेंडलिन हागर दोन आहेत. एक माझा चुलतभाऊ, अकॉर्डियनवाला. त्याच्या खालची ओळ माझी. तिच्यात काय होतं ते इथे लिहीत नाही.

उठून बॉयलर बघून आलो. बॉयलर ठीक होता.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्वाचा फोन आला. नव्या नोंदवहीत शेऱ्यासाठी चौकोन आहे, पण लहान आहे, आणि जुन्यातून तो हाताने जुळवून घ्यावा लागेल.

"त्यात कामाचं काही आहे का?" तिने विचारलं.

"नाही. टोपणनावं आहेत. थट्टा."

"मग तू ठरव. तुझी माणसं."

मी ठरवलं. गावातली थट्टा गावात ठीक. ती हेल्मरच्या आणि डोव्हर बटच्या अनोळखी नर्सनी का वाचावी? कोणी म्हातारी तापाने फणफणत तिथे गेली, तर पडद्यावर तिचं पहिलं नाव फेंगडी. प्रभूने माणसांना त्यांच्या नावाने हाक मारली, व्यंगाने नाही. हे मी नीट विचार करून लिहितो आहे. योसेफ वाल्ड दोन आहेत हे मला ठाऊक आहे, पण यंत्र पत्ताही बघतं, सरकारी ओळखीचा सोशल सिक्युरिटी नंबरही बघतं.

रकाना पुसला. जुन्या प्रतीतूनही पुसला, म्हणजे पुढे कोणाच्या हाती पडायला नको.

मावशीला सांगितलं नाही. तिला उगाच वाईट वाटलं असतं.

३० डिसेंबर, शुक्रवार

मावशीचा शेवटचा दिवस. स्वयंपाकघरातल्या बायकांनी केक केला होता. मी केबल ओढत होतो, त्यामुळे उशिरा पोचलो, आणि तोवर पांगापांग झाली होती. तिने कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

"आता नर्सनी फोन कोणाला करायचा रे? कुठला योसेफ, कुठली मग्दालेना, हे विचारायला?"

"विचारावं लागणार नाही, मावशी. यंत्राला सगळं माहीत असेल."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावत बसली. तिच्या कोटाला बटणं फार आहेत.

कार्डं बिस्मार्क शहरात तुकडे करायला गेली. कपाट मी घरी आणलं. चांगल्या ओकचं आहे. त्यात काय ठेवावं ते सुचलेलं नाही.

१ जानेवारी २०१२, रविवार

सहा वाजता चालू केलं. चारही गावांचे दिवे हिरवे लागले. आठच्या मिसाला चर्चमध्ये पोचलो.

१३ जानेवारी, शुक्रवार

आज दोनशे दहा मैल झाले. लोन ट्रीत प्रिंटर, डोव्हर बटला पासवर्ड. रस्त्यावर समोरून सहा गाड्या आल्या. इकडच्या रीतीप्रमाणे सहाही जणांनी स्टीअरिंगवरून एक बोट वर केलं, मीही केलं. संध्याकाळी हिशेब केला तर फोनवर एकोणीस जणांशी बोललो होतो. सगळ्यांचे आवाज ओळखू येतात. तोंडं तिघांचीच माहीत आहेत.

मदतीच्या नंबरवर ओटिलिया मावशीचाही फोन आला. तिच्याकडे संगणक नाही. म्हणाली, "नंबर चालतो का ते बघत होते." मी सांगितलं, चालतो. "बरं," म्हणाली. फोनमध्ये तिच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत राहिलं, मग तिने ठेवला.

२० जानेवारी, शुक्रवार

मावशीचा पुन्हा फोन. नंबर चालतो का. मी म्हणालो, मावशी, बिघडला तर मीच कळवीन, तुम्ही त्रास घेऊ नका. सेहेचाळीस वर्षांची सवय आहे, एकदम सुटायची नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

विहिरीतला योसेफ वाल्ड न्यूमोनिया होऊन हेल्मरच्या रुग्णालयात दाखल झाला. गाई व्यायचा मोसम आहे, म्हणून त्याची बायको रोझालिया गोठ्यात अडकली होती. शेजाऱ्याने त्याला पोचवलं. ताप इतका की त्याला धड बोलता येत नव्हतं. नर्सने पडद्यावर पाहिलं. कोणत्याही औषधाचा त्रास नाही, असं होतं. पेनिसिलिन दिलं.

त्याला पेनिसिलिन चालत नाही. एकाहत्तर सालापासून चालत नाही. मावशीने त्याच्या कार्डावर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं. ते लाल अक्षरांचं कार्ड मी स्वतः पेटीत भरलं.

घसा बंद झाला, मग दोन मिनिटं हृदय थांबलं. हेलिकॉप्टरने बिस्मार्कला नेलंय.

८ फेब्रुवारी, बुधवार

काय झालं ते सकाळी शोधून काढलं. यंत्राने दोन योसेफ एक केले. नाव तेच, तारीख तीच, पत्ता दोघांचाही नुसतं मारियनफेल्डचं पोस्ट. सोशल सिक्युरिटी नंबर आमच्या जुन्या नोंदींत कोणी घातलाच नव्हता. कोंबडीचोर शरद ऋतूत हेल्मरला गुडघा दाखवायला गेला होता. औषधाचा त्रास नाही, ही त्याची नोंद नवी. पेनिसिलिनची नोंद जुनी. यंत्र नवी ती खरी धरतं.

कंपनीचं पुस्तक काढून वाचलं. पान चौतीस: दोन नोंदींचे शेरे वेगळे असतील तर यंत्र थांबतं आणि माणसाला विचारतं.

शेरे वेगळे होते.

मार्वाचा फोन आला. "कंपनीची चूक आहे. दोन माणसं एक केली म्हणजे काय! वकील बघतील. तू कोणाशी बोलू नकोस."

मी म्हणालो, बरं.

१२ फेब्रुवारी, रविवार

योसेफ अजून श्वासाच्या नळीवर आहे. फादरनी प्रार्थनेत नाव घेतलं, आपल्या आजारी बंधूसाठी, योसेफ वाल्डसाठी. तिसऱ्या बाकावरचा योसेफ वाल्ड दचकून उभा राहिला. बायकोने कोट ओढून त्याला खाली बसवलं. कोणी हसलं नाही. मी मागे, माझ्या नेहमीच्या जागी उभा होतो. तिथून रोझालियाची रिकामी जागा समोरच दिसते.

प्रार्थना म्हणता आली नाही. शब्द येत होते, पण ते कुठे जात नव्हते.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीचा माणूस येऊन गेला. तरुण होता, घाबरलेला होता. मला म्हणाला, असं आमच्याकडे कधीच झालं नव्हतं हो. मी त्याला कॉफी दिली. मी त्याला फक्त कॉफी दिली.

१९ फेब्रुवारी, रविवार

योसेफ शुद्धीवर आला. नळी काढली. डावा हात नीट उचलत नाही आणि आवाज फुटत नाही. पण रोझालियाला ओळखलं. देवा, तुझे उपकार.

मला वाटलं होतं हे ऐकलं की मन हलकं होईल.

२२ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवास सुरू. मिसानंतर फादर एमान्युएलकडे कबुलीजबाब दिला. सगळं सांगितलं, पान चौतीसपर्यंत.

"ते का पुसलंस?" त्यांनी विचारलं.

"दयेपोटी."

"कोणाच्या?"

"लोकांच्या. फार घाण नावं होती, फादर."

बाहेर त्यांची गाडी चालूच होती. त्यांना लोन ट्रीला बारा वाजता पोचायचं होतं आणि या थंडीत ती बंद केली की पुन्हा चालू होत नाही.

"आणि तुझ्यापुढे काय लिहिलं होतं?"

त्यांना कसं कळलं ते मला ठाऊक नाही. मी टोपी हातात फिरवत राहिलो.

"बरं, राहू दे," ते म्हणाले. "देवाला हे आधीच माहीत होतं. त्याला सांगितलंस म्हणून काही नवं झालं नाही. आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

कपाळावर राख घेऊन दिवसभर चार पासवर्ड बदलले.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

हेल्मरला जाऊन मार्वासमोर बसलो आणि सांगितलं. ती सँडविच खात होती. ते तिने कागदात पुन्हा नीट गुंडाळलं.

"मी तुला विचारलं होतं. कामाचं काही आहे का, म्हणून."

"हो."

"आणि तू नाही म्हणालास."

"हो."

"पंधरा दिवस झाले. सगळं कंपनीवर गेलं होतं, वेंडलिन. कोणाला कधी कळलंही नसतं. हे तू मला का सांगतोस?"

का, ते तिला सांगता आलं नसतं.

मग ती एकदम ताठ झाली. "थांब. असे शेरे आणखी किती होते?"

"चारशे अकरा."

"म्हणजे उद्या आणखी कोणी..."

"हो."

"आणि कार्डं?"

"त्यांचे तुकडे झाले."

"मग ते सगळं आता कुठे आहे?"

"ओटिलिया मावशीच्या डोक्यात."

"तिचं वय काय?"

"चौऱ्याहत्तर."

"अरे मग इथे बसून काय राहिलायस!" ती ओरडली. बाहेरच्या दोन नर्सनी वळून पाहिलं. मी दारात पोचलो तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मंडळं वीस मार्चला भेटतात. तुझं काय करायचं ते तेव्हा ठरेल. तोवर काम कर. दुसरा माणूस आहे कुठे आपल्याकडे?"

२५ फेब्रुवारी, शनिवार

मावशीच्या स्वयंपाकघरात. टेबलावर मी लॅपटॉप ठेवला आणि सांगितलं, मी तुमचा रकाना पुसला.

"कळलं मला ते."

"कसं?"

"योसेफ मरायला टेकला तेव्हा कळलं. माझा रकाना असता तर टेकला नसता."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने बटाटे सोलायला घेतले. मग विचारलं, "सांगू कुठून? अक्षरांनी मला आठवत नाही. अक्षरं कपाटात होती."

विचार करून तिनेच तोड काढली. चर्चमधली बाकं. तिने डोळे मिटले आणि वेदीपासून सुरुवात केली. पहिलं बाक, उजवीकडून. कोण बसतं, कोण बसायचं, कोणाचा नातू आता कुठे आहे. एकेका बाकावर ती थांबायची, मी टंकायचो. पाच बाकं झाली. सत्तावन्न नावं.

निघताना म्हणाली, "सूप आहे." मी म्हणालो, चाळीस दिवसांचा उपवास चालू आहे, मी एकदाच जेवतो.

१ मार्च, गुरुवार

लोन ट्रीहून परतताना मावशीकडे गेलो. येतो म्हणून कळवलं नव्हतं, तरी टेबलावर दोन ताटल्या होत्या. कोणी यायचं आहे का विचारलं, तर म्हणाली, नाही. मग त्या ताटलीत मीच जेवलो. क्नेफलाचं, म्हणजे कणकेच्या गोळ्यांचं सूप. आईपेक्षा गोळे थोडे मोठे करते.

डावीकडची बाकं झाली. एकाचं टोपणनाव तिला आठवेना, पंधरा मिनिटं गेली. मग ती ओरडली, "थुंक्या! आणि सगळ्या गावात त्याच्याइतका स्वच्छ माणूस नाही!"

तिला हसू आवरेना. मलाही हसू आलं. घरी गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरात ते पुन्हा एकदा आलं.

११ मार्च, रविवार

योसेफ काल घरी आला म्हणे.

मावशीचं शेवटचं बाक झालं. मोजले तर चारशे अकरा.

"एक राहिला," मी म्हणालो.

"राहिला नाही. तो बाकावर बसतच नाही." तिने डोळे उघडले. "वेंडलिन हागर. दाराजवळचा. लिही."

मी लॅपटॉप अर्धा मिटला. नोव्हेंबरात वाचलं होतं तेच, त्याच शब्दांत. ती थट्टाच आहे, असं मी म्हणालो. एवढी बाकं रिकामी असताना माणूस दाराशी उभा राहतो, म्हणून लोक हसत असतील.

"लोक कशाला हसतील? लोकांना माहीतच नाही. ते नाव माझं आहे. तुझा चुलतभाऊ अकॉर्डियनवाला, मग तुला ओळखायचं कशावरून? तू दारू पीत नाहीस, भांडत नाहीस, कधी कशात पडला नाहीस. रात्रंदिवस डोकं खाजवलं. मग एका रविवारी मागे वळून पाहिलं, तर तू दाराजवळ. पुढच्या रविवारी पाहिलं, तिथेच. वीस वर्षं पाहतेय. एकदाही चुकला नाहीस."

मी म्हणालो, मावशी, मिसा चालू असताना मागे वळून बघू नये.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून ताटल्या धुवायला लागली. काहीतरी चुकीचं बोललो असेन, पण काय ते कळलं नाही.

दाराजवळचा. टंकलं.

१५ मार्च, गुरुवार

मार्वाने स्वतः बसून शेरे तपासले. यंत्र आता एकोणतीस ठिकाणी थांबतं. एकोणतीस जोड्या. तिने नावं वाचली आणि म्हणाली, "आमच्याकडे सगळेच ओल्सन आहेत. आम्ही काय करतो, देवच जाणे." मग म्हणाली, पडद्यावर यंत्र थांबलं की नर्सने कोणाला विचारायचं? मी तोही नंबर घातला आहे.

संध्याकाळी मदतीच्या फोनवर मावशी. "वेंडलिन, हेल्मरहून फोन आला होता! कुठली मग्दालेना, म्हणून विचारत होते!"

"कुठली होती?"

"तुला कशाला सांगू? नोंदी गुप्त असतात." आणि फोन ठेवला.

१९ मार्च, सोमवार

संत योसेफचा दिवस. दुपारी वाल्डांच्या शेतावर गेलो. नामदिनाला बोलावणं नसतं, म्हणून जाण्यात काही गैर नव्हतं. पण पिकअपमध्ये बराच वेळ बसून राहिलो. अंगणात पाच गाड्या होत्या. बर्फ अजून गोठ्याच्या सावलीत आहे. सकाळी मंडळांना पत्र लिहून टाकलं, त्यात सगळं आहे. उद्या ते काय ठरवतात ते ठरवतील. त्याची भीती वाटत नव्हती. भीती या घराची होती.

दार उघडून उभा राहिलो. माणसं टेबलाभोवती होती. कोंबडीचोर योसेफही होता, कारण दिवस त्याचाही. विहिरीतला योसेफ खुर्चीत, अंगावर गोधडी, डावा हात मांडीवर ठेवलेला. रोझालिया कूखन कापत होती.

तिथूनच बोललो. पाठ केलं होतं, पण पाठ केलेलं आलं नाही. मी म्हणालो, कंपनीची चूक नव्हती. तुमच्या नावापुढे विहिरीतला असं होतं, ते मी पुसलं. म्हणून तुम्ही दोघं एक झालात. मी पुसलं.

रोझालियाची सुरी थांबली.

योसेफचा आवाज नळीने खरवडला गेला आहे. ऐकायला सगळ्यांना वाकावं लागलं. "म्हणजे विहिरीतून मला तू काढलंस?"

"हो."

"सहा वर्षांचा होतो. अर्धा तास होतो आत. आणि हे लोक मला सदुसष्ट वर्षं तिथेच ठेवून आहेत." तो धाप लागून थांबला. "मला ते नाव कधी आवडलं नाही. तू पुसलंस त्याचं काही नाही. पण मला विचारायचंस. मी सांगितलं असतं, राहू दे म्हणून."

मी म्हणालो, हो, विचारायला हवं होतं.

"आणि माझं?" दुसरा योसेफ मध्येच. "माझंही पुसलं होतंस ना? ते परत घातलंस?"

"घातलं."

"अरे गाढवा! तेवढं तरी राहू द्यायचं होतंस! मेलेल्या आजोबांची कोंबडी..."

कोणीतरी हसलं. मग आणखी एक जण. रोझालिया हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती मला माफ करील असं मला वाटत नाही, आणि तसं मागायला मी गेलोही नव्हतो. तिने सुरी पुन्हा चालवली. तुकडे मोजताना तिचे ओठ हलत होते. एकदा मोजून झाल्यावर तिने पुन्हा मोजले, आणि शेवटच्या तुकड्याचे दोन केले.

मागून वारा येत होता. योसेफने गोधडी उजव्या हाताने वर ओढली.

"दार लाव," तो म्हणाला.

मी लावलं. मी आतल्या बाजूला होतो.